जुन्या सीजे३बी जीपच्या ब्रेकचे पार्ट कुठे मिळतील?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची महिंद्राची जुनी सीजे३बी परत रस्त्यावर आणताय, मास्टर सिलेंडर (पायडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा) आणि व्हील सिलेंडर (चाकाजवळ ब्रेक दाबणारे) सगळे गळतायत आणि दुकानदार "आता येत नाही हो" म्हणून परत पाठवतायत. मी याच चक्रातून गेलोय, म्हणून सांगतो.

काउंटरवर जाऊन "जीपचं ब्रेक किट द्या" म्हणू नका. आधी सिलेंडर खोला, व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) लावा आणि बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, लिहून घ्या. माझ्या जीपला पुढे १ इंच आणि मागे पाऊण इंच बोअर निघाला, दिसायला मात्र सख्खे भाऊ. दुकानदार म्हणाला सगळं एकच असतं, आणि मी शहाण्याने चारही १ इंचाचे बसवले! फरक पाव इंचाचा वाटतो पण जोर बोअरच्या क्षेत्रफळावर ठरतो, म्हणजे मागे जवळपास पावणेदोन पट जोर, पहिल्याच पावसात पायडल दाबलं तर मागची चाकं जाम आणि जीप आडवी, रस्ता रिकामा होता म्हणून वाचलो.

नवीन नाही मिळालं तर जुनी बिडाची बॉडी भंगारात टाकू नका. आत खड्डे पडलेत ना, ते ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं म्हणून, बाकी बॉडी ठणठणीत असते. चांगल्या लेथवाल्याकडून पितळेची किंवा स्टीलची स्लीव्ह, म्हणजे आतून बसणारी नळी, टाकून मूळ मापावर आणा. फक्त मास्टर सिलेंडरमध्ये एक अगदी बारीक भोक असतं, पाय काढला की ऑइल तिथून टाकीत परत जातं, ते स्लीव्हमध्ये त्याच जागी पाडून घ्या आणि कड घासून गुळगुळीत करा, नाहीतर ब्रेक धरून बसतो किंवा बकेट फाटते.

बकेट म्हणजे आतलं रबर, ते जुन्या स्टॉकमधलं फुकट दिलं तरी घेऊ नका, डब्यात वर्षानुवर्षं पडून कडक झालेलं असतं. आणि पार्ट डिझेलने धुवायची आपल्या मेकॅनिक लोकांची सवय आहे ती बंद करा, रबर फुगतं. डॉट ३ ग्रेडच्या ब्रेक ऑइलनेच धुवायचं.

पार्ट शोधायला पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, तिथे नाही जमलं तर दिल्लीचं काश्मिरी गेट. जुना पार्ट पिशवीत घालूनच जा, पाइपचे आटे इंचातले असतात, मिलिमीटरवाला नट दोन फेरे बसतो आणि मग आटे खातो.

होज पाइप (ब्रेक ऑइलचे लवचिक रबरी पाइप) सगळे नवीनच टाका, या जीपला एकच सर्किट असतं, एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. सगळं जोडून पाइपातली एअर (अडकलेली हवा) काढली की चाकांखाली वर्तमानपत्र पसरा आणि पायडलवर लाकडाचा टेकू लावून रात्रभर ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर आधी सोसायटीच्या आवारात फिरवा, घाटात लगेच नको.