आमच्या वाचनालयाचं फेसबुक पान आहे, तरी वाचक फिरकत नाहीत. सोशल मीडियाचा खरंच उपयोग होतो का?

होतो. पण तुमच्या पानावर काय असेल याचा मला अंदाज आहे: अध्यक्षांचा सत्कार, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचा फलक, २७ फेब्रुवारीला दीपप्रज्वलन. मी तालुक्याच्या गावातल्या एका 'ब' वर्ग वाचनालयात देवघेव सांभाळते. आम्हीही चार वर्षं हारतुऱ्यांचेच फोटो टाकले. लाइक करणारे कोण, तर कार्यकारिणी आणि त्यांचे भाचे-पुतणे.

फरक पडला तो माझ्या आळसामुळे. नवी खरेदी आली होती, दाखल नोंद व्हायची होती आणि "काय काय आलंय?" म्हणून फोनवर फोन. कंटाळून मी पुस्तकं नावं दिसतील अशी टेबलावर रचली, फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर टाकला. थोड्याच वेळात उत्तर आलं, "वरून चौथं माझ्यासाठी ठेवा."

तेव्हापासून ज्या पोस्टवर वाचकाला 'ठेवा' म्हणता येत नाही, ती मी शक्यतो टाकत नाही. फोटो शनिवारी, पुस्तक सोमवार संध्याकाळपर्यंत राखून, नंतर पुढच्याला. ही मुदत कडक पाळा, नाहीतर राखलेल्या पुस्तकांनीच कपाट भरतं. दिवाळी अंकांच्या दिवसांत तर रोज परत आलेल्या अंकांचा फोटो जातो. दिवाळी अंक योजनेची वर्गणी भरलेल्यांच्या फुकटच्या खेपा वाचतात.

व्हॉट्सॲप ग्रुप मात्र करू नका. त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. आमच्या एका सभासद बाईंना कुणा अनोळखी माणसाचे 'सुप्रभात' सुरू झाले; त्यांनी ग्रुपही सोडला आणि वाचनालयही. चॅनलवर नंबर लपतात, पण तो कारभार एकतर्फी. आम्ही ब्रॉडकास्ट यादी वापरतो, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्याने वाचनालयाचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. म्हणून वर्गणीची पावती फाडतानाच समोर नंबर सेव्ह करून घेते.

पुस्तकं थकवलेल्यांची नावं कधीही टाकू नका. कोण काय वाचतंय हेही नाही. "पीडीएफ टाका ना" म्हणणारे भेटतीलच. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, एवढं सांगून मोकळं व्हायचं.

विनोदाचं अंग असेल तर स्कॉटलंडमधल्या ऑर्कनी बेटांवरच्या वाचनालयाचं ट्विटर (आताचं एक्स) खातं बघा. बेटांची वस्ती साधारण २२ हजार, अनुयायी त्याहून कितीतरी जास्त. तिरकस शेरे, शेजारच्या शेटलंडच्या वाचनालयाशी लुटुपुटीची भांडणं. त्यातले किती जण पुस्तक न्यायला बोटीत बसणार, हा प्रश्न वेगळा! पण असलं काम एकट्यादुकट्याच्या हातीच जमतं. प्रत्येक ओळ सचिवांच्या सहीला गेली, तर विनोद पुढच्या मासिक सभेत मंजूर होणार.

आणि फोटो दिवसाउजेडी काढा. आमच्या पहिल्या फोटोत प्लॅस्टिकच्या कव्हरांवर ट्यूबलाइट चमकत होती, अर्धी नावं वाचताच येत नव्हती. 'वरून चौथं' म्हणून मी जे राखून ठेवलं, ते पाचवं निघालं.