रबाळे एमआयडीसीत आमचा 60 जणांचा कारखाना आहे. प्रत्येक खरेदीला तीन कोटेशन घेतो, तरी भाव चढेच. नियम काय लावावेत?

तीन कोटेशनचा नियम चुकवणं सगळ्यात सोपं. ज्याला काम द्यायचं ठरलेलं असतं, तोच उरलेली दोन कोटेशनं आणून देतो. जुन्या फाइलींमधली तिन्ही शेजारी ठेवून पत्ता, फोन आणि जीएसटी क्रमांक पाहा. त्या क्रमांकातली तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची अक्षरं म्हणजे पॅन. फर्मची नावं तीन आणि पॅन एकच निघाला, तर पुढे शोधायला नको. यापुढे कोटेशनं वेगळ्या ईमेलवर मागवा आणि तो अकाउंट्सने मुदतीनंतरच उघडावा.

परचेसकडे फक्त पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर काढणं, ठेवा. नवा व्हेंडर अकाउंट्सने नोंदवावा, माल स्टोअरने उतरवून घ्यावा, पैसे मालकांच्या मंजुरीने सुटावेत. व्हेंडर उघडणं आणि पैसे सोडणं एकाच हातात असेल, तर अस्तित्वातच नसलेल्या फर्मला पैसे जाऊ शकतात. व्हेंडरांची बँक खाती पगाराच्या यादीतल्या खात्यांशी एकदा ताडून बघा. 'आमचं खातं बदललंय' असा मेल आला, तर मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करा.

बिल पास करताना पीओ, जीआरएन (माल मिळाल्याची स्टोअरची नोंद) आणि बिल जुळवतात, पण जीआरएनच मालासोबत आलेल्या चलनावरून उतरवलेला असला तर त्या जुळवणीला काही अर्थ नाही. स्टोअरला द्यायच्या पीओच्या प्रतीवर संख्या छापू नका. मोजल्याशिवाय आकडा लिहिताच येणार नाही. पत्रा, केमिकल असा वजनाचा माल असेल तर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या दोन्ही काटापावत्या जोडा. रिकाम्या गाडीचं वजन जुन्या पावतीवरून लिहिलेलं चालवू नका, खेळ तिथेच होतो.

मंजुरीची मर्यादा 50,000 असेल तर 48,000 च्या पीओ दिसू लागतात. म्हणून एकाच व्हेंडरच्या 30 दिवसांतल्या पीओंची बेरीज मर्यादेला लावा. बिलाच्या तारखेनंतर निघालेल्या पीओंची यादी दर महिन्याला मालकांसमोर जाऊ द्या. 'अर्जंट होतं' हे कारण कोण वारंवार देतं, ते त्यात आपोआप दिसतं.

पैसे देण्याचा क्रमही खरेदीचाच भाग आहे, तिकडे सहसा कुणी बघत नाही. बिलं तारखेप्रमाणे सुटत नसली, की 'लवकर काढून देतो' म्हणणाऱ्याचा भाव वाढतो. त्याला द्यावे लागणारे पैसे व्हेंडर दरात घालतो. शिवाय उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादक वा सेवा पुरवठादाराला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसला तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. 2023-24 पासून अशा मुदतीत न दिलेल्या बिलाचा खर्च आयकरातही प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच वजा मिळतो.

भंगारविक्रीलाही हेच लावा: दर परचेसने ठरवावा, वजन स्टोअरने करावं, पैसे थेट बँकेत यावेत.