क्षमा मिळाली, तरी मन का निवत नाही?

"देवाने क्षमा केली आहे हे मी मानतो, पण आत निवत नाही." ख्रिस्ती कुटुंबांतून येणाऱ्या माणसांकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, त्यावर एकदा सविस्तर लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते. पुढील हकिकतीत ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांना झोप लागत नाही म्हणून त्यांचा मुलगा माझ्याकडे घेऊन आला. या गुरुजींच्या खिशात एक छोटी डायरी असे आणि तिच्यात प्रत्येक तारखेखाली, फळ्यावरच्या सुविचारासारख्या वळणदार अक्षरात, एकच ओळ असे: 'प्रभू, धाकट्याच्या बाबतीत मला क्षमा कर.' अशा सात डायऱ्या घरी होत्या. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेतात त्या विधीत, भाकरीचे ताट आले की ते न घेता शेजाऱ्याकडे देत.

व्यसनात बुडालेल्या धाकट्या भावाकडून दीड एकराचे हक्कसोडपत्र त्यांनी करून घेतले होते आणि सात वर्षांपूर्वी तो भाऊ वारला होता, एवढे पहिल्या काही भेटींत कळले.

मी विचारले, "गुरुजी, रोज मागता ती क्षमा मिळाली, असे तुम्ही कधी धरणार?"

"भीती वाटते, मॅडम. मिळाली असं धरलं, तर मी सुटलो. धाकटा कुठे सुटला?"

या उत्तराने मला पुढची वाट दाखवली. ज्याला आपण अविश्वास समजतो, ते पुष्कळदा प्रेमच असते. न निवणारे मन हाच त्यांनी मेलेल्या भावासाठी भरायचा हप्ता ठरवला होता, आणि तो बंद केला तर भावाशी उरलेला शेवटचा धागाही तुटेल, असे त्यांना वाटत होते. अशा माणसाला 'देव दयाळू आहे' असे कितीही वेळा सांगितले तरी त्याचा उपयोग होत नाही.

पुढच्या भेटीत मी त्यांना, पहिलीच्या मुलांना सांगावी तशी, येशूने शिष्यांना शिकवलेली 'प्रभूची प्रार्थना' सावकाश म्हणायला सांगितली. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड' इथे ते आले आणि 'सोड' या शब्दावर अडले. हातातल्या रुमालाची घडी त्यांनी तीनदा मोडली, तीनदा घातली.

"मी त्याला सोड म्हणालो, आणि त्यानं सोडलं. कागद मीच लिहून नेला होता. तो शुद्धीवर नव्हता, मॅडम. मी भावाची जमीन फसवून घेतली."

मी बराच वेळ काही बोलले नाही. सात वर्षांच्या डायऱ्यांत जे वाक्य एकदाही आले नव्हते, ते आता उच्चारले गेले होते.

योहानाच्या पहिल्या पत्रात, मराठी बायबलमध्ये, पापे 'पदरी घेणे', म्हणजे ती आपलीच म्हणून कबूल करणे, असा शब्दप्रयोग आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. 'धाकट्याच्या बाबतीत' असे म्हणत राहणे म्हणजे पाप पदरी घेणे नव्हे. नाव न घेतलेल्या अपराधाची क्षमाही निनावीच राहते आणि म्हणून ती मनाला लागत नाही. त्याच वचनात पुढे, क्षमा करणारा विश्वासू व न्यायी आहे, असे सांगितले आहे. म्हणजे आधार त्याच्या विश्वासूपणाचा आहे, आपण किती रडलो याचा नाही. कॅथलिक परंपरेत पापनिवेदनानंतर धर्मगुरूच्या तोंडून क्षमेचे शब्द कानांवर पडतात. प्रॉटेस्टंट माणूस मात्र अनेकदा एकट्यानेच कुढत बसतो. एकमेकांजवळ पापे कबूल करा, असे बायबलमधील याकोबाचे पत्र सांगते, म्हणून मी गुरुजींना जमिनीबद्दलचे ते वाक्य त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांसमोर उच्चारायला सांगितले. क्षमा दुसऱ्याच्या आवाजात ऐकावी लागते, या मतावर मी आजवरच्या अनुभवानंतर ठाम आहे.

"पण आधी जमीन परत करतो, मग जातो," ते म्हणाले. मी त्यांना शुभवर्तमानातल्या जक्कय या श्रीमंत जकातदाराची आठवण दिली. येशू आधी त्याच्या घरी उतरायला निघाला आणि त्यानंतर जक्कयाने चौपट परत देण्याचे कबूल केले. हा क्रम उलटला की परतफेड क्षमेची किंमत होऊन बसते, आणि किंमत मोजणाऱ्याला ती पुरेशी झाली असे कधीच वाटत नाही. मात्र क्षमा मिळाली म्हणून परतफेड टळत नाही; उलट ती करण्याचे बळ तिथूनच येते. आणखी एक गोष्ट मी त्यांना निक्षून सांगितली: 'देवाने मला क्षमा केली, आता तूही कर,' असे भावजयीला म्हणायचे नाही. तिने क्षमा करावी की नाही आणि केव्हा, हे तिचे तिने ठरवायचे आहे.

ते पाळकांकडे गेले आणि नंतर भावजयीकडेही गेले. तिने सगळे ऐकून घेतले आणि उत्तर न देता ती आत निघून गेली. हे सांगताना गुरुजींचा आवाज कापत होता, पण त्या आठवड्यात ते रात्री झोपले होते. शेवटच्या भेटीत त्यांनी डायरी माझ्यापुढे उघडून ठेवली. त्या तारखेखाली लिहिले होते: 'बक्षीसपत्राचा मसुदा. मुलांची संमती. सातबारा उतारा. पुतण्याला विचारून दुय्यम निबंधक कार्यालयात जाण्याचा दिवस ठरवणे.'