करंट देऊन पॅरालिसिसचा माणूस परत चालायला लागतो का?

तुमचे काका आंब्यावरून पडले, कमरेखालचं गेलं आणि आता कोणीतरी "करंटने चालवतो" म्हणून पॅकेजचे पैसे मागतोय असं लिहिलंय तुम्ही, म्हणून लिहितो. मी पण आंब्याच्या कलमावरूनच पडलो, देवगडात, हातात आंबे काढायची घळ आणि आदल्या रात्रीच्या अवकाळी पावसाने फांदी निसरडी. डी-टेन, कम्प्लीट, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्यापाशी आतल्या मज्जारज्जूला मार, त्याखाली हालचाल नाही की जाणीव नाही. आठ वर्षं व्हीलचेअरवर.

गोष्ट खोटी नाही. स्वित्झर्लंडला लोझान शहरात कूर्तीन नावाचे शास्त्रज्ञ आणि सर्जन ब्लॉक बाई यांच्या टीमने ऑपरेशन करून मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड बसवले आणि २०२२ ला बातमी आली की पूर्ण लुळे तीन पेशंट एका दिवसात पावलं टाकायला लागले. ते खरंच, पण अंगाचं वजन वरून पट्ट्यांनी पेललेलं, आणि पुढे महिनोन्महिने व्यायाम, हे व्हॉट्सॅपवर कोण सांगतोय.

तौक्ते वादळात आमच्याकडे खांब पडले, पण घरातलं वायरिंग शाबूत होतं, इन्व्हर्टर लावला की दिवे लागायचे. हे तसंच. मेंदूचा निरोप तुटलेल्या जागी अडकतो, पण चालायचं वायरिंग बरंचसं कमरेतल्या मज्जारज्जूतच असतं, करंट त्याला जागं करतो. मशीन बंद की बहुतेक वेळा दिवे बंद, काहींना बंद असतानाही थोडी हालचाल आली म्हणा. आणि मार अगदी खाली लागून वायरिंगच जळलं असेल तर इन्व्हर्टर काय करणार? म्हणून काकांचा एमआरआय आधी न्यूरोसर्जनला दाखवा.

आपल्याकडे क्लिनिकात मांडीला पॅड चिकटवून देतात तो करंट वेगळा. मला दिला तेव्हा मांडी टुणकन उडाली आणि आई रडायलाच लागली, तिला वाटलं मी हलवली. मी नुसता बघत होतो, मला काय कळतच नव्हतं. स्नायू बारीक होऊ नयेत म्हणून ते चांगलं, पण तेवढ्यावर "सहा महिन्यांत उभा करतो" म्हणून माझ्याकडनं चाळीस हजार घेतले, एका मोसमाच्या आंब्याच्या पेट्या गेल्या त्यात. अमेरिकेत डिसेंबर २०२४ ला कातडीवरून करंट द्यायच्या एका मशीनला परवानगी मिळाली, ती पण मानेला मार लागलेल्यांच्या हातांसाठी, चालण्यासाठी नाही.

ते पैसे आत्ता एअर बेड आणि चांगल्या कुशनला घाला. रात्री दर दोन तासांनी कूस बदलताय ना त्यांची? माकडहाडापाशी लाल दिसतंय का रोज बघा, मला तिथली जखम भरायला सात महिने गेले, पालथा पडून होतो पडवीत, तेव्हा कसला करंट नि कसलं काय.