बरणीमागची तारीख

(‘विचारा, सांगते’ या सदरात वाचकांच्या दुकानदारीच्या प्रश्नांना उत्तरं. उत्तरं देणाऱ्या बाईंचं पुण्याच्या औंधमध्ये २००२ पासून किराणा आणि परदेशी खाद्यपदार्थांचं दुकान आहे.)

प्रश्न : मी हिंजवडीत आयटीत आहे, राहतो वाकडला. दोन वर्षं जर्मनीत होतो. तिथलं चीज, पास्ता, सॉस हवे असले की इथून कॅम्प गाठावा लागतो. आमच्याकडे पुनावळे-ताथवड्यात रोज नवा टॉवर उभा राहतोय. बारा लाख रुपये बाजूला ठेवलेत. निव्वळ परदेशी खाद्यपदार्थांचं दुकान टाकावं म्हणतो. स्वतःच आयात केली तर मार्जिनही जास्त सुटेल ना?
– एक वाचक, वाकड

जर्मनीहून परतलेल्या माणसाला काय खावंसं वाटतं, ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. पण तुमच्यासारखे पुनावळ्यात किती, ते मोजलंत का? टॉवर मोजून गिऱ्हाईक कळत नाही. शनिवारी संध्याकाळी तिथल्या एखाद्या चालत्या किराणा दुकानात तासभर उभे राहा. कोण काय मागतं आणि ‘नाही’ ऐकून परत जातं, ते वहीत लिहा. असे चार शनिवार काढा, मग गाळा बघा.

तोवर स्वतःच्या स्वयंपाकघरात डोकावा. आमटीतली तूर मोझांबिकची किंवा म्यानमारची असू शकते. फोडणीतलं हिंग अफगाणिस्तानातून येतं. आपल्याकडे हिमाचलच्या लाहौलमध्ये हिंगाची रोपं लावली ती २०२० मध्ये, त्यामुळे इतक्यात त्याच्यावर फोडणी व्हायची नाही. फरसाण ज्यात तळलं ते पामतेल इंडोनेशिया-मलेशियाचं, आणि डब्यातले बदाम बहुधा कॅलिफोर्नियाचे. याला कुणी ‘इम्पोर्टेड’ म्हणत नाही, पण खप याचाच. माझ्या दुकानात काचेच्या कपाटातल्या बाटल्यांनी नाव दिलं, भाडं मात्र खजूर आणि बदामाने भरलं. रमझानच्या आधी खजुराच्या पेट्या लावल्या की गल्ल्यात जी हालचाल दिसायची, ती ऑलिव्हच्या बाटल्यांनी कधी दाखवली नाही. म्हणून ‘निव्वळ परदेशी’ हा हट्ट सोडा. निम्मं दुकान लोक रोज खातात त्या मालाचं ठेवा.

उरलेल्या निम्म्यात काय ठेवायचं, ते गिऱ्हाईकच शिकवतं. कोरियन नूडल्स मला पहिल्यांदा मागितल्या त्या रांजणगावच्या कारखान्यात आलेल्या एका इंजिनिअरच्या बायकोने. तिला इंग्रजी जेमतेम, मला कोरियन शून्य. तिने बिलाच्या पाठीवर वाडगा काढला, वर वाफ काढली, शेजारी मिरची काढली आणि मिरचीखाली तीन रेघा मारल्या. मी मुंबईहून एक खोकं मागवलं. सहा पाकिटं तिने नेली, बाकीची आम्ही नाकातून पाणी काढत संपवली. आज तीच नूडल्स आठवीतली पोरं ब्रँडचं नाव घेऊन मागतात, आणि तिखट कमी असलं तर नाक मुरडतात. कोरियन मालिका बघून ही चव घराघरांत शिरलीय. चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात परदेशी कंपन्यांची माणसं आहेत, ती वेगळीच. तुमच्या भागात मी आधी हे फडताळ भरेन. चीज नंतर. चीजला फ्रीज लागतो, फ्रीजला इन्व्हर्टर लागतो, आणि वीज जाते ती नेमकी रविवारी दुपारी, तुम्ही जेवून आडवे झालात की.

आता आयातीचं. स्वतः करू नका, निदान पहिली तीन वर्षं. आयात-निर्यात कोड काढणं अवघड नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, केंद्रीय परवानाही मिळेल. पण पुढे न्हावा शेवा बंदरात माल उतरल्यावर कागद तपासणार, नमुना प्रयोगशाळेत जाणार, आणि तोवर कंटेनरचं भाडं तुमच्या बोडक्यावर. हिशेब असा करतात : माल, बोटभाडं आणि विमा धरून शंभर रुपये पडले, मूळ सीमाशुल्क तीस टक्के धरलं, तर त्या शुल्कावर दहा टक्के अधिभार म्हणजे आणखी तीन. झाले १३३. त्यावर पाच टक्के जीएसटी धरला तर १३९ रुपये ६५ पैसे. (दर मालागणिक आणि देशागणिक बदलतात, हा फक्त नमुना.) जीएसटी पुढे विक्रीत वळता होतो, ते तेहतीस रुपये मात्र गेले ते गेलेच. यात एजंट नाही, गोदाम नाही, फुटलेल्या बाटल्या नाहीत. तेव्हा वाशीच्या किंवा मुंबईच्या घाऊकवाल्याकडून दोन-दोन खोकी उचला. मार्जिन कमी सुटेल, पण रात्री झोप लागेल.

आणि आता जे माझ्याकडून कुणी पैसे देऊन शिकून घ्यायला हवं होतं, ते फुकट सांगते. २००९ ची गोष्ट. एका घाऊक व्यापाऱ्याने इटालियन टोमॅटो सॉसची स्कीम दिली, दहा पेट्यांवर दोन फुकट. पेटीत बारा बाटल्या. मी हुरळून उचलल्या. एकशे चव्वेचाळीस बाटल्या पोटमाळ्यावर गेल्या. पंधरा दिवसांनी एका आजोबांनी चष्मा कपाळावर चढवून बरणी उलटी केली आणि मला म्हणाले, “बाई, हा सॉस आमच्या नातीच्या बारशापर्यंत तरी टिकेल का?” मुदत अडीच महिन्यांवर आली होती. व्यापाऱ्याने माल परत घ्यायला साफ नकार दिला. अर्ध्या किमतीला, मग खरेदीच्याही खाली विकत एकसष्ट बाटल्या गेल्या. सासूबाईंनी मटकीच्या उसळीत घालून पाहिला. उसळ बरी झाली होती, खोटं का बोला, पण एका घराने किती मटकी खायची? उरलेल्या बाटल्या मीच बसून मोरीत ओतल्या.

तेव्हा मला समजत नव्हतं, आज समजतं. आताच्या नियमानुसार आयात माल कस्टममधून सुटताना त्याच्या एकूण आयुष्यातलं साठ टक्के तरी शिल्लक हवं, किंवा मुदत संपायला तीन महिने तरी हवेत, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे दोन वर्षं टिकणारी बाटली जेमतेम तीन महिने हातात ठेवूनही कायदेशीरपणे आत येऊ शकते. अशा मालाला मग स्कीम लागते. स्कीम दिसली की आधी बरणीच्या मागचं वाचा. आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक, शाकाहारी असेल तर हिरवा ठिपका, एमआरपी आणि तारीख. स्टिकर खाली छापलेल्या तारखेवरच चिकटवलेलं दिसलं, तर नखाने कोपरा उचलून बघा. व्यापारी रागावला तर रागावू दे.

प्रश्न : माझा भाऊ दुबईहून दर तीन-चार महिन्यांनी येतो. बॅगेतून चॉकलेटं आणि खजूर आणले तर मी सोसायटीच्या ग्रुपवर विकू शकते का? सगळ्या मैत्रिणी मागतात.
– एक गृहिणी, कोथरूड

खायला आणा, वाटायला आणा. विकायला नाही. प्रवाशाच्या सामानाची सवलत स्वतःच्या वापरासाठी असते, आणि विकायला आयात केलेल्या पाकिटावर मघाशी सांगितलेलं सगळं लेबल हवं. एकीच्या पोराचं पोट बिघडलं तर ग्रुपवर तुमचंच नाव पहिलं येईल. त्यापेक्षा खजुराची पेटी मार्केट यार्डातून घाऊक आणा, एफएसएसएआयची छोट्या व्यावसायिकांसाठीची नोंदणी करा आणि पाव-पाव किलोची पाकिटं करा. मैत्रिणी त्याच, डोकेदुखी कमी.

प्रश्न : जुन्नर तालुक्यात माझी शेती आहे. ब्रोकोली, झुकिनी, रंगीत ढोबळी करतो. शहरात अव्होकाडोचे भाव ऐकून एक एकर लावावं असं मनात आहे. परदेशी फळाला शहरात मागणी वाढतेय म्हणतात, ते खरं का?
– एक शेतकरी

दादा, तुमचीच झुकिनी आमच्याकडे ‘इम्पोर्टेड भाजी’ अशा पाटीखाली विकली जाते, हे आधी सांगते. भाजीवाल्याला मी एकदा म्हटलं, अरे ही नारायणगावहून आली. तर म्हणतो, “मावशी, पाटी काढली तर वीस रुपये उतरतात.”

मागणी वाढतेय, त्यात शंका नाही. पण ड्रॅगनफ्रूट आठवा. व्हिएतनामहून यायचं तेव्हा एका फळाचं कौतुक होतं. सांगली-सोलापूरकडे लागवड झाली आणि आता हंगामात हातगाडीवर ढीग दिसतात. खाणाऱ्याचं भलं झालं, उशिरा लावणाऱ्याचं नाही. अव्होकाडोच्या कलमाला फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात, आणि तोवर टांझानियाचा माल येतच राहणार. शिवाय परदेशी फळाचा भाव तुमच्या-माझ्या हातात नसतो. मे २०२५ मध्ये पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्कीची सफरचंदं घ्यायची नाहीत असं ठरवलं, कारण राजकीय होतं, आणि चार दिवसांत गाळ्यावरच्या पेट्यांचा देश बदलला. वॉशिंग्टनच्या सफरचंदावर २०१९ मध्ये वीस टक्के जादा शुल्क लागलं, २०२३ मध्ये उठलं. अशा एका कागदाने बाजार हलतो.

एकर नको. बांधावर दहा-पंधरा कलमं लावा आणि तुमच्या जमिनीत पाणी साचतं का ते बघा. या झाडाच्या मुळ्या ओल्या पायाने मरतात. ढोबळी मात्र सोडू नका.

प्रश्न : नातवाच्या हट्टापायी अव्होकाडो आणला. दगड निघाला. कोशिंबिरीत किसून घातला तर कडूजार. पैसे पाण्यात गेले. हे खातात तरी कसं?
– एक आजी, सदाशिव पेठ

आजी, कच्चा किसलात. आता दुसरा आणाल तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळून केळ्याशेजारी ठेवा, तांदळाच्या डब्यात ठेवला तरी चालेल. पिकेपर्यंत फ्रीज दाखवू नका. तीन-चार दिवसांनी देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबा. पिकल्या चिकूसारखं लागलं की कापा. चमच्याने गर काढून वांग्याच्या भरितासारखा कुस्करा, त्यात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ आणि भरपूर लिंबू. लिंबू आधी पिळा, नाहीतर काळा पडतो. गरम भाकरीबरोबर तुम्हीही एक घास घेऊन बघा. आणि आणताना एकच आणा.