डार्क मॅटर नासतं का?

प्रश्न : सर, मी नाशिकला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्राशी वाद झालाय, तो म्हणतो डार्क मॅटरचे (म्हणजे न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याचे) कण स्थिरच असणार नाहीतर ते कधीच संपले असते, मला वाटतं अस्थिर कण पण चालतील. कोण बरोबर?

उत्तर : तू बरोबर आहेस, पण मित्राची शंका पण रास्त आहे हं. अणुकेंद्राबाहेरचा मोकळा न्यूट्रॉन साधारण 15 मिनिटांत फुटतो, म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ तर 2.2 मायक्रोसेकंदात, असल्या कणांचं डार्क मॅटर असतं तर ते तेव्हाच संपलं असतं. आणि विश्व 3 लाख 80 हजार वर्षांचं होतं तेव्हाच्या प्रकाशात डार्क मॅटरचा ठसा दिसतो, आजच्या दीर्घिकांमध्येही ते आहेच, म्हणजे जवळपास 1380 कोटी वर्षं टिकलंय.

पण अस्थिर म्हणजे लगेच फुटणारा असं कुठंय? बिस्मथ हा धातू घे, सगळे त्याला स्थिर समजायचे, 2003 मध्ये कळलं की तेही फुटतं, फक्त त्याची हाफ-लाइफ, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, विश्वाच्या वयाच्या शंभर कोटी पटीहून जास्त आहे!

आता तुमच्या लासलगावकडची कांद्याची चाळ आठव. उन्हाळ कांदा भरून ठेवतात, त्यातले चार सडले म्हणून चाळ रिकामी होत नाही, पण आतला कांदा न दिसताही बाहेर वास येतोच ना, तसंच डार्क मॅटर दिसत नसलं तरी त्याचा कण फुटताना प्रकाश सुटत असेल तर तो दुर्बिणीत पकडता येईल. एक फरक मात्र पक्का लक्षात ठेव, कांदा जुना होत जातो तसा सडायला येतो, कण जुना होत नाही, आज फुटायची शक्यता जेवढी तेवढीच हजार कोटी वर्षांनी पण. मला स्वतःला ही गोष्ट फार विलक्षण वाटते.

किती टिकाऊ हवा ते बघ. सरासरी आयुष्य एकावर सव्वीस शून्यं इतके सेकंद धरलं तर आजवर शंभर कोटी कणांमागे जेमतेम चार-पाच फुटले असतील. तरी दीर्घिकांच्या समूहात कण इतके अफाट असतात की त्यांचा उजेड दिसायला हवा, आणि गॅमा किरणांत, म्हणजे फार जास्त ऊर्जेच्या प्रकाशात, तसा दिसत नाही म्हणून जड कणांचं आयुष्य साधारण एवढं तरी असणारच असं मानतात.

यातला माझा आवडता उमेदवार म्हणजे स्टराइल न्यूट्रिनो, न्यूट्रिनो या हलक्या कणाचा अजून न सापडलेला, नुसता कल्पिलेला भाऊबंद. तो फुटला तर साधा न्यूट्रिनो आणि एक्स-रेचा एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, निघतो, फोटॉनला कणाच्या वस्तुमानातली निम्मी ऊर्जा मिळते. 2014 मध्ये दोन गटांना पर्सियस या दीर्घिकांच्या समूहाकडून वगैरे 3.5 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे ऊर्जेचं माप) आसपास एक फिकट रेषा, म्हणजे त्या एकाच ऊर्जेचा जादा उजेड दिसला, म्हणजे कणाचं वस्तुमान त्याच मापात दुप्पट, 7, सगळीकडे नुसती खळबळ! मग 2016 मध्ये जपानच्या हितोमी उपग्रहाने त्याच पर्सियसकडे जास्त बारकाईने पाहिलं तर तेवढी ठळक रेषा काही सापडली नाही. त्यामुळे तो वास डार्क मॅटरचाच होता असं आज तरी म्हणता येत नाही, पण मित्राला एवढं नक्की सांग की शोधणारे लोक अस्थिर कण धरूनही शोधतायत.