स्टूल नंतर, आधी पटाशी

पोरी,

परवा भाजीबाजारात तुझी आई भेटली, म्हणाली शाळेत नववीला सुतारकाम घेतलंय आणि तू पहिल्याच आठवड्यात स्टूल बनवायचं म्हणतेयस, ऐकून इतकं बरं वाटलं की घरी आल्या आल्या लिहायला बसलो.

स्टूल बनव, पण आत्ता नको. आधी एक पटाशी घे, म्हणजे लाकूड तासायची, खाचा पाडायची छिन्नी, अर्ध्या इंचाची चालेल, आणि तिला धार लावायला शीक, महिना गेला तरी जाऊ दे. पातं साधारण २५ अंशाला घासलेलं असतं आणि टोकाची बारीक धार ३० च्या आसपास, पण तू अंश मोजत बसू नकोस, धारेच्या दगडावर तेलाचे चार थेंब टाक, पात्याचा उतार नीट टेकला की हाताला कळतं, मग मनगट न हलवता मागेपुढे घास. थोड्या वेळाने सपाट बाजूवरून बोट बाहेरच्या दिशेने हलकं सरकव (धारेवरून आडवं कधीच नाही), बारीक खरखर लागली की कड उलटली समज. पटाशी पालथी करून सपाट बाजू पूर्ण टेकवून दोनचार वेळा घास, ती कड निघून जाते. कागद सरकन कापला गेला पाहिजे. आणि हो, हाताला लागतं ते बोथट पटाशीनेच जास्त, कारण जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती सटकते. लाकूड क्लॅम्पने बाकाला आवळ आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेव, यात सूट नाही.

सागाच्या मागे लागू नको एवढ्यात, महाग तर आहेच पण त्यात सिलिका असते, धार पटकन जाते. वखारीतून आंब्याचे तुकडे आण. रंधा मारताना लाकूड उचकटलं तर तू लाकडातल्या रेषांच्या उलट चाललीयस, तुकडा फिरवून घे, बस.

आता खणाची गोष्ट सांगतो. मी तरुणपणी मे महिन्यात एका टेबलाचा खण बनवला, आपल्याकडचा मे किती कोरडा तुला माहितीये, खण इतका फिट बसला की फटीत कागद जाईना, मला केवढा अभिमान. जुलैत पाऊस लागला आणि खण उघडेचना, माझ्या सगळ्या वह्या आत, त्या निघाल्या थेट दिवाळीच्या सुमारास, हवा कोरडी झाल्यावर. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रेषांच्या आडवं मात्र दमट हवेत फुगतं. तेव्हा उन्हाळ्यात बनवलेल्या खणाला फट सोडायची, पावसाळ्यात बनवलास तर घट्ट चालतो.

हे जुन्या सुतारांना पाठ होतं. एकदा आपल्या नाशकातल्या सराफ बाजाराकडे तो जुना सरकारवाडा बघून ये, लाकडी खांब नुसते नक्षीसाठी बघू नकोस, खांबाच्या पायाशी दगडी तळखडा का असतो ते बघ. लाकूड थेट जमिनीवर उभं केलं तर ओल चढून खालून कुजतं. जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्यात कडीपाट, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं छत, दिसला तर मान वर करून सांधे बघत बस, मी तासन् तास बसलोय.

आईला वाटतंय अभ्यासाचा वेळ जाईल. तिला सांग, फिनलंडने १८६६ मध्येच हातकाम शाळेत सक्तीचं केलं, आणि आपल्याकडे १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी हातकामातूनच शिक्षण मांडलं. मला विचारशील तर मला गुण्याचं, म्हणजे काटकोन तपासायच्या त्या साध्या हत्याराचं, मोल सगळ्यात जास्त वाटतं. कोपऱ्याला गुण्या लावून उजेडाकडे धरला की फट दिसते किंवा दिसत नाही, तिथे कुणाचं मत चालत नाही, सरांचंही नाही. नववीतल्या पोरीला स्वतःचं काम स्वतः तपासता यावं, याहून काय हवं.

रविवारी सकाळी ये. पटाशी घेऊन ये, दगड माझ्याकडे आहे, आणि येताना वखारीतून तुझ्या वितीएवढा तुकडा आण, आपण त्याच्या सहाही बाजू गुण्यात आणू. संध्याकाळ होईल, डबा आण.

तुझा काका